३०० रुपयांत घेतलेला टीव्ही गेम १४,५०० रुपयांना विकला; माझे नेमके चुकले कुठे?

जुना जॉयस्टिक (दारव्हा तालुका) विचारतात:

माझे एका खेड्यात मोबाइल आणि रिमोट दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या चार वर्षांपासून जोडधंदा म्हणून मी जुने टीव्ही गेम आणि त्यांच्या कॅसेटी विकत घेतो, दुरुस्त करतो आणि इंटरनेटवरून संग्राहकांना विकतो. आमच्याकडे बहुतेक घरांत मिळतात त्या चिनी नकला, ज्यांच्या कॅसेटीवर ९९९९९ गेम असे छापलेले असते आणि प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, टँक असे दहा-पंधरा गेमच फिरून फिरून येतात. त्यांना संग्राहक विचारत नाहीत. अस्सल माल मिळतो तो ज्या घरात नव्वदच्या दशकात महिन्याचा पगार येत होता त्या घरात, आणि तोही वर्षातून एखाद्या वेळी.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गावात एका काकूंच्या कूलरची मोटर पाहायला गेलो होतो. कोठीच्या खोलीत तुरीच्या पोत्यांमागे एक खोका दिसला. त्यात समुराई होता, म्हणजे १९८५ साली अमेरिकेत आलेले निन्टेन्डो या जपानी कंपनीचे तेच यंत्र, जे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे या नावाने विकले गेले. थर्माकोल शाबूत, दोन्ही कंट्रोलर जागेवर आणि चार राखाडी कॅसेटी. मी एका कॅसेटीच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारला. नकली यंत्रांच्या कॅसेटीला ६० दाते असतात आणि या मूळ यंत्राच्या कॅसेटीला ७२, त्यामुळे रुंदीवरूनच ओळख पटली. काकूंचे यजमान नोकरीत असताना त्यांनी तो मुलासाठी नागपूरहून आणला होता, आणि तो मुलगा आता पुण्यात आहे.

काकू म्हणाल्या, "घिऊन जाय न बाप्पा, जागाच अडवून बसला हाये तो." किती देऊ असे विचारल्यावर म्हणाल्या, "दे काय द्यायचं ते." मी ३०० रुपये दिले आणि देता देता बोललो, "आता हे कोण खेळते, काकू?"

घरी आणल्यावर लाल दिवा नुसता लुकलुकत होता. दोन संध्याकाळी खपून आतला जोड काढला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने दाते पुसले (पहिले बोळे अक्षरशः काजळासारखे निघाले), नवा अडॅप्टर जोडला आणि पडद्यावर चित्र आले. बेंगळुरूच्या एका संग्राहकाने १४,५०० रुपये दिले. पैसे खात्यात आले त्या दिवशी मला आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते एक वाक्य डोक्यातून जात नाही.

याला जोडून आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सातवी-आठवीतली मुले घरातले जुने गेम दुकानात आणून देतात आणि ३००-४०० रुपये मागतात. ते घ्यावेत का? आणि एक मित्र सुचवतो आहे की नव्या गेमच्या मर्यादित आवृत्त्या पाच-पाच घेऊन न उघडता ठेवून द्याव्यात, भाव चढला की विकाव्यात. व्यवहार म्हणून नव्हे, योग्य-अयोग्य म्हणून मला मत हवे आहे.

---

आठ बिटवाला (अचलपूर):

मीही हाच उद्योग करतो, म्हणून आधी हिशेबाचे बोलतो. गेल्या वर्षी मी ११ यंत्रे घेतली. त्यांपैकी तीन चालू झाली, दोन सुट्या भागांसाठी उपयोगी पडली आणि सहा भंगारात गेली. एका यंत्राचा नफा मोजताना त्या सहांचे पैसे कोणी धरत नाही. तुम्ही १४,५०० लिहिले म्हणून लोकांना डोळ्यांवर येते. रिकाम्या हाताने परत आलेल्या फेऱ्यांचे पेट्रोल लिहिले असते, तर कोणाला काहीच वाटले नसते.

दुसरे म्हणजे, तुम्ही गेला नसता तर त्या खोक्याचे काय झाले असते? दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला असता आणि किलोच्या भावाने त्याचे प्लॅस्टिक झाले असते. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२३ साली दाखवून दिले की तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के कंपनीकडून विकत मिळतच नाहीत. म्हणजे ते खेळायचे असतील तर जुनी प्रत शोधणे हाच एक सरळ मार्ग उरतो, आणि ती शोधणारी माणसे आपल्यासारखीच असतात. अटारी या अमेरिकी गेम कंपनीने न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला होता. २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा त्या मातीने माखलेल्या कॅसेटींपैकी ८८१ गावाने लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. कंपनीच्या लेखी जो कचरा होता, त्याला किंमत आली ती उकरणाऱ्यांमुळे. भाव माहीत असणे हेही कष्टाने मिळवलेले ज्ञान आहे, आणि त्याचे पैसे घेण्यात लाज कसली?

मुलांकडून मात्र मी घेत नाही. एकदा एका मुलाचा बाप संध्याकाळी दुकानात आला होता, तेवढा अनुभव पुरेसा आहे.

---

निवृत्त मापारी (हिंगणघाट):

मला या गेमांतले काही कळत नाही, नातू खेळतो तेवढेच पाहिले आहे. पण मी बाजार समितीच्या यार्डात २६ वर्षे कापूस आणि धान्य मोजले, आणि हा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

आमच्या वडिलांच्या काळी पुष्कळ बाजारांत सौदा रुमालाखाली होत असे. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात रुमालाखाली धरत, बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी दोन हातांवर उभा राहून त्या रुमालाकडे पाहत राहायचा. भाव कधी कधी बराही असायचा. तक्रार निव्वळ कमी भावाची नव्हती. आपल्याच मालाची किंमत आपल्या डोळ्यांदेखत ठरते आहे आणि ती आपल्याला दिसत नाही, हा त्यातला सल होता. १९६३ च्या पणन कायद्याखालच्या बाजार समित्यांत उघड लिलाव आला, भाव मोठ्याने पुकारला जाऊ लागला, तो याच कारणाने. खेडा खरेदी करणारा व्यापारी आजही दारात येतो आणि 'यंदा मालाला उठाव नाही' असे म्हणून कापूस घेऊन जातो. त्याने गाडीभाडे काढले, जोखीम घेतली, नगदी पैसे दिले, हे सगळे खरे आहे. त्याच्या नफ्याबद्दल गावात कोणी बोलत नाही; लोकांच्या लक्षात राहते ते 'उठाव नाही' हे वाक्य.

तुमचे "आता हे कोण खेळते, काकू" हे त्याच जातीचे आहे. तुम्ही गप्प राहिला असता तर मी तुम्हाला अर्धा सोडला असता. पण तुम्ही बोललात, आणि बोललात ते भाव पाडण्यापुरतेच. कोण खेळते हे तुम्हाला पक्के ठाऊक होते. बेंगळुरूचे गिऱ्हाईक तुमच्या मोबाइलमध्येच असेल.

अचलपूरचे भाऊ म्हणतात की ज्ञान कष्टाने मिळते. दुरुस्तीचे ज्ञान कष्टाचे आहे, त्याचे पैसे कोणी नाकारणार नाही. ७२ दाते ओळखणे हेही मी कष्टात धरीन. पण समोरच्या बाईला भाव माहीत नाही, एवढ्याच गोष्टीतून जो पैसा आला, त्याला कष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या १४,५०० पैकी किती पैसा कोणत्या कप्प्यात जातो, हे तुमच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

---

तालुका वकील:

विचारणा नीतीची आहे, तरी कायदा कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो हे सांगितल्याने ती सोपी होईल असे वाटते.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ नुसार नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे, जोपर्यंत बोलण्याचे कर्तव्य नसते किंवा मौन हेच बोलण्यासारखे नसते. त्या कलमाखालचा एक दाखला तर तुमच्या धंद्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: दोन व्यापाऱ्यांमध्ये सौदा होत असताना एकाला भावातील बदलाची खासगी माहिती असेल, तर ती दुसऱ्याला सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कलम २५ असेही म्हणते की मोबदला अपुरा आहे एवढ्या कारणाने करार रद्द ठरत नाही, मात्र संमती मोकळेपणाने दिली होती का हे पाहताना न्यायालय तो अपुरेपणा विचारात घेऊ शकते. थोडक्यात, ३०० रुपयांचा तुमचा सौदा कायद्याने टिकतो. मापारी काकांनी बोट ठेवलेले वाक्यही कोणते न्यायालय फसवणूक म्हणेल असे मला वाटत नाही, कारण ते प्रश्नाच्या रूपात आहे. तरीही मौनापेक्षा ते रेषेच्या बरेच जवळ आहे.

पण दाखला पुन्हा वाचा. त्यातले दोघेही व्यापारी आहेत. त्याच कलमाखाली दुसरा एक दाखला नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीचा आहे. तिचा बाप तिला घोडा विकत असेल तर नात्यामुळे घोड्यातला दोष सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. आता आपल्याकडे कूलर दुरुस्त करायला आलेला पोरगा ज्या बाईला काकू म्हणतो, तिच्या कोठीच्या खोलीपर्यंत तो जाऊ शकतो तो त्या हाकेच्या बळावर. अनोळखी व्यापाऱ्याला तिने ओसरीच्या पुढे येऊ दिले नसते. कायदा काकूला नाते मानणार नाही, पण तुम्ही मानले होते, आणि सौद्याच्या वेळी नेमके व्यापारी झालात.

मुलांविषयी शंकेला जागाच नाही. अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याशी, केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपील न्यायालयाने) १९०३ साली मोहरी बीबी खटल्यात ठरवून टाकले आहे. वस्तू बहुधा बापाची असते, तेव्हा बापाला घेऊन ये म्हणावे.

मित्राच्या सूचनेविषयी: आवेष्टित वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैध मापन नियमांमधील नियम १८ प्रमाणे सीलबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक दराने विक्री करता येत नाही, आणि त्यात किरकोळ दुकानदाराबरोबर 'अन्य व्यक्ती' असाही शब्द आहे. दुकान चालवणाऱ्या माणसाने सील न फोडता पाच-पाच नग साठवून छापील किमतीच्या वर विकणे म्हणजे नसती भानगड ओढवून घेणे आहे.

---

शाळेवरून (उमरखेड तालुका):

शेवटच्या मुद्द्यावर मला अधिक बोलायचे आहे, कारण समुराईपेक्षा त्याची झळ आमच्या घराला लागली आहे. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ हा टीव्ही गेम भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. किंमत ४९,९९० रुपये होती. माझा भाचा जिनिंगमध्ये हंगामी कामाला असतो. त्याने दोन हंगाम पैसे साठवले होते. जानेवारीत नोंदणी सुरू झाली त्या दिवशी तो नेटवर्क मिळावे म्हणून घराच्या छपरावर चढून बसला होता. काही मिनिटांत साठा संपला. त्याच आठवड्यात त्याच वस्तूच्या जाहिराती दिसू लागल्या, कोणी छापील किमतीपेक्षा १५,००० जास्त मागत होते तर कोणी २०,०००. त्यांच्यापैकी कोणालाही तो खेळायचा नव्हता.

काकूंच्या बाबतीत एका बाजूला माहिती नव्हती. इथे माहिती सगळ्यांना होती, वस्तूच मधल्या मधे अडवली गेली. अचलपूरच्या भाऊंचे 'वाचवण्याचे' समर्थन इथे एका अंशानेही लागू पडत नाही, कारण दुकानातल्या नव्या वस्तूला कोणापासून वाचवायचे होते? बियाण्याची पोती दडवून पेरणीच्या तोंडावर काढणाऱ्याला आपण जे म्हणतो तेच मी यांना म्हणते. गेम म्हणजे बियाणे नव्हे, त्यावाचून कोणी उपाशी मरत नाही, हे मला मान्य आहे. माझ्या भाच्याला मात्र ते पटवून देता आले नाही.

---

आठ बिटवाला (अचलपूर):

ताईंचे म्हणणे मान्य आहे. नव्या मालाचा साठा मी कधी केला नाही आणि त्याची बाजूही घेणार नाही.

न उघडता ठेवण्याचे हे वेड कुठून आले तेही सांगतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेलेल्या आहेत, तो दुर्मीळ मुळीच नाही. दुर्मीळ होते ते त्याच्यावरचे न फाटलेले प्लॅस्टिक आणि प्रतीची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीचा भला मोठा आकडा. खरी दुर्मीळता म्हणजे निन्टेन्डोच्या १९९० च्या स्पर्धेच्या कॅसेटी, ज्या राखाडी ९० आणि सोनेरी २६ एवढ्याच निघाल्या. सीलबंद प्रतीत आपण न खेळलेपणाची किंमत मोजतो, आणि माझ्यासारख्या माणसाला हे विचित्र वाटते, कारण आमच्याकडची प्रत्येक कॅसेट फुंकून फुंकून, उन्हाळ्याच्या सुट्टीत वीज जाईपर्यंत खेळलेली आहे. तशा खेळलेल्या यंत्राला दुरुस्त करून पुन्हा खेळते करण्यात आणि प्लॅस्टिकवर सट्टा लावण्यात फरक आहे, एवढे माझे म्हणणे कायम ठेवतो.

रुमालाचे मात्र मापारी काकांनी बरोबर पकडले. मीही अशी वाक्ये बोलतो. 'याचे सुटे भागही मिळत नाहीत आता' हे माझे ठरलेले वाक्य आहे, आणि सुटे भाग माझ्याच कपाटात असतात.

---

जुना जॉयस्टिक (दारव्हा तालुका):

सर्वांचे आभार. मुलांकडून घेणे बंद केले आहे आणि मित्राला नकार कळवला आहे.

परवा काकूंकडे गेलो. सोबत ४,००० रुपये नेले होते. मनात असे होते की पाकीट पुढे करावे, चूक सांगावी आणि मोकळे व्हावे. काकूंनी पाकीट उघडले नाही. आधी विचारले, "विकला कितीले?" मी आकडा सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग आतून विजेचे जुने बिल आणि पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुहा खर्च सांग." यजमान गेल्यापासून दहा एकरांचा कापूस त्या स्वतः विकतात, हे मला त्या क्षणी आठवले. अडॅप्टर ३५०, कुरिअर ४२०, कापूस-स्पिरिट ३० आणि आधी दिलेले ३००, असे त्यांनी बिलाच्या मागे लिहिले. दोन संध्याकाळच्या मजुरीचे मी १,००० म्हणालो. त्यांनी स्वतःहून १,५०० धरले, कारण मिस्तरी तेवढे घेतो. रिकाम्या फेऱ्यांचे पेट्रोल मी भाऊंच्या सांगण्याप्रमाणे काढले, तेव्हा "त्या फेऱ्या मायाकडे नोयत्या," असे म्हणून त्यांनी ते कापले. राहिले ११,९००. त्याचे सरळ दोन भाग केले. ४,००० जागेवर घेतले आणि उरलेल्या १,९५० साठी सोमवारचा वायदा घेतला. रागावल्या नाहीत. उठताना एवढेच म्हणाल्या, "कोन खेळते म्हनून मले इचारलं होतं तू. आता समजलं कोन खेळते ते." मी काही बोललो नाही.

सोमवारचे पैसे पोहोचते केले आहेत. ही नोंद लिहीपर्यंत आणखी एक घडले. बेंगळुरूच्या त्या संग्राहकाने तोच समुराई विकायला काढला आहे. खोक्याच्या कोपऱ्यावरचा तुरीच्या पोत्याचा डाग फोटोत दिसतो, म्हणून ओळखला. मागणी ३१,००० रुपयांची आहे. खरेदीच्या वेळी तो मला म्हणाला होता की खोका असला-नसला तरी त्याला फरक पडत नाही, त्याला फक्त खेळायचे आहे. त्याला काही लिहावे की नाही हे ठरलेले नाही, पण ती जाहिरात मी रोज एकदा उघडून पाहतो.